शेंडा जपावा लागणारं झाड

डिसेंबर लागला की पुण्यातल्या नर्सऱ्यांच्या दारात ‘ख्रिसमस ट्री’च्या कुंड्या ओळीने लागतात. घेणारे त्याला पाइन म्हणतात, पण हा अरॉकेरिया. खऱ्या पाइनचं कुळच वेगळं. पाइनची पानं झुबक्यांनी येतात. हिमालयातल्या चीडच्या एका झुबक्यात तीन लांब सुया असतात. अरॉकेरियाच्या कोवळ्या फांदीवर मात्र आखूड, मऊ, जराशी वळलेली पानं चहूबाजूंनी दाटलेली असतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू आणखी निराळा. त्याची ‘सुई’ ओढली की सांध्यावर सुटते, कारण ते पान नसून पेरं असलेली हिरवी डहाळी असते.

नॉरफोक पाइन म्हणून आपल्याकडे विकला जाणारा अरॉकेरिया पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातला कुक पाइन असतो. रोपं लहान असताना दोघांतला फरक जाणत्या माळ्यालाही पटकन सांगता येत नाही. मोठा कुक उंच आणि अरुंद दिसतो, त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, आणि तो विषुववृत्ताच्या दिशेने कलतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा कल सरासरी आठ अंशांहून अधिक भरला. आपल्याकडे तो दक्षिणेला कललेला दिसतो.

या झाडाचा जीव शेंड्यात असतो. वाकून पाहिलं तर मधल्या पोपटी कोंबाभोवती पुढच्या मजल्याच्या फांद्या चांदणीसारख्या फुटताना दिसतात. दाट व्हावं म्हणून तुळशीसारखा हा शेंडा खुडला, तर झाडाचा डौल कायमचा जातो. बाजूच्या फांदीचं कलम लावलं तरी ते आडवंच वाढत राहतं, म्हणून सरळ झाड हवं तर रोप बियांपासूनचंच घ्यावं. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं.

मी लाल मातीत भरड वाळू आणि थोडं शेणखत घालतो. कुंडीला निचरा हवाच. मुळाशी पाणी साचलं की झाड कुजतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत माती पार सुकू दिली, तर खालच्या फांद्या पिवळ्या पडून गळतात आणि त्या जागी पुन्हा फुटवा येत नाही. कुंडी अधूनमधून फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं.

घेताना बुंधा नीट पाहा, एकाच कुंडीत दोन-तीन रोपं कोंबलेली असतात. आणि सोसायटीच्या भिंतीलगत हे झाड जमिनीत लावू नका. मायदेशी ते ५० मीटरपर्यंत वाढतं.