लॅपटॉपमध्येच उभी करा नेटवर्किंगची लॅब

नेटवर्किंग शिकायला राउटर-स्विच विकत घ्यायलाच हवेत असं नाही. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स, एवढ्यावर घरी उत्तम लॅब उभी राहते.

माझं मत विचाराल तर सुरुवात तीन व्हर्च्युअल मशीननी करा. तिन्हींवर अल्पाइन लिनक्स टाका. प्रत्येकी ५१२ एमबी रॅम भरपूर झाली. टीसीपीडम्पही आत्ताच इन्स्टॉल करून घ्या, कारण पुढे या मशीनना इंटरनेट नसेल. मग मधल्या मशीनला दोन अडॅप्टर द्या, दोन्ही 'इंटर्नल नेटवर्क'चे, पण वेगळ्या नावांचे. हा झाला राउटर. एका बाजूला १०.०.१.०/२४, दुसऱ्या बाजूला १०.०.२.०/२४. टोकाच्या मशीनना राउटरचा आपापल्या बाजूचा पत्ता गेटवे म्हणून द्या.

आता या टोकाकडून त्या टोकाला पिंग करा. उत्तर येणार नाही, आणि खरी गंमत इथेच आहे! राउटरवर टीसीपीडम्प लावा: पॅकेट एका अडॅप्टरवर येतं, दुसऱ्यातून बाहेरच पडत नाही. कारण लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग सहसा बंद असतं. ती सेटिंग ० ची १ करा. लगेच उत्तरं सुरू, आणि टीटीएल ६४ ऐवजी ६३! तो एक आपल्या राउटरने कमी केला.

प्रयोगाआधी स्नॅपशॉट घेत चला. डीएचसीपी सर्व्हरचा सराव मात्र 'ब्रिज्ड' मोडमध्ये करू नका. घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडू शकतं.