चार गिरक्यांचा हार्बिनवाला

मे महिन्यात आमच्या प्रतापनगरात पारा ४५च्या घरात गेला, की बर्फ म्हणजे फक्त गोळेवाल्याच्या गाडीवरचा. चीनच्या हार्बिनमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांवर सहज उतरतो. तिथे ३ ऑक्टोबर १९९७ रोजी जिन बोयांग जन्मला. फिगर स्केटिंगमध्ये आज पुरुष खेळाडू हवेत चार-चार गिरक्या घेताना दिसतात ना, त्या चढाओढीला खरा जोर आणला तो या पोराने.

लुट्झ ही उडी म्हणजे उलटी गंगा! बहुतेक खेळाडू मागे सरकत, डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर वळत येतात, उजव्या पात्याचे दाते बर्फात रोवतात आणि हवेत फिरतात ते नेमके विरुद्ध दिशेला. चार गिरक्या, तेही सेकंदाच्या आत. शिवाय उतरायचं एकाच पायावर. जिनने २०१५च्या ‘कप ऑफ चायना’मध्ये ही चौपट लुट्झ मारली आणि उतरल्या पावली तिला तिप्पट टो लूप ही दुसरी उडी जोडली. स्पर्धेत ही जोडी जमवणारा तो जगातला पहिला. वय १८!

पुढची गंमत तैपेईची. फेब्रुवारी २०१६, फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धा. फ्री स्केट या लांब फेरीत चार ‘क्वाड’ म्हणजे चौपट उड्या, अख्ख्या स्पर्धेत सहा; हेही जगात पहिल्यांदाच. तरी सुवर्ण नेलं कॅनडाच्या पॅट्रिक चॅनने, अवघ्या ०.३८ गुणांनी. परीक्षक उड्यांइतकंच सादरीकरणही तोलतात आणि चॅन त्यात मुरलेला गडी. जिनवर ‘नुसता उड्या मारतो’ असा शिक्का होता. खरं सांगायचं तर तो अगदीच खोटा नव्हता.

पुढे बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. पुरुष एकेरीत चीनचं हे पहिलंच जागतिक पदक. २०१७मध्ये हेलसिंकीत पुन्हा कांस्य, ३०३.५८ गुण. तिथे शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे छोटी फेरी, होती स्पायडरमॅनवर, जाळं फेकायच्या हातवाऱ्यांसकट. शिक्का पुसायला यापेक्षा झकास उपाय नव्हता.

जानेवारी २०१८मध्ये तैपेईतच फोर कॉन्टिनेंट्सचं सुवर्ण. ली चेंगजियांगने २००१मध्ये जिंकल्यानंतर चीनच्या पुरुषाला ते थेट १७ वर्षांनी मिळालं. महिनाभरात प्योंगचांग ऑलिंपिक: ‘स्टार वॉर्स’च्या संगीतावर चौथा, पदक ७.४७ गुणांनी हुकलं. २०२२च्या घरच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नववा.

आणि आपली भारतीय मंडळी? ती चाकांवर! लुट्झ, ॲक्सेल या उड्या रोलर स्केट्सवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्येही असतात. त्यात अनुप कुमार यामाने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं, शिवाय अवनी पांचाळसोबत जोडीचंही. वेगाच्या शर्यतीत २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर रिलेचं कांस्य आलं. त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपली दोन मराठी नावं. योगायोग बघा, दोन्ही वेळा मैदान चीनचंच.

तेव्हा घरात चाकांवर धडपडणारं पोर असेल, तर त्याला हेलसिंकीचा स्पायडरमॅन एकदा दाखवाच. फक्त नंतर सोफ्यावरून उडी मारू देऊ नका.