लेकराच्या पायात काटा मोडला तर



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, काटा काढायला काय रेडिओवरून शिकवायचं? आपण सगळ्याच काटे काढत मोठ्या झालो. खरं आहे. पण मोठ्या माणसाचा काटा काढणं वेगळं आणि तीन-चार वर्षांच्या लेकराचा वेगळं. मोठं माणूस दात-ओठ खाऊन पाय पुढं करतं. लेकरू पाय ओढून घेतं, काटा आत मोडतो, घरात रडारड होते. आणि पुढच्या वेळी काटा गेला तर ते सांगतच नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या नातवाचं असंच झालं. आधी एकदा तिघांनी त्याला दाबून धरून काटा काढला होता. त्यामुळे टाचेत बाभळीचा काटा गेला तेव्हा पोरगं चार दिवस गप्प राहिलं, चवड्यावर चालत राहिलं. सोयाबीनची काढणी चालू, कोणाचं लक्ष नव्हतं. आजीनं आंघोळ घालताना पाहिलं तेव्हा टाच सुजून गरम झाली होती, आत पू झाला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी चीर देऊन मोडलेला तुकडा काढला. पोरगं आता चांगलं आहे. पण त्यानंतर बैठकीत यावर आम्ही बराच वेळ बोललो, तेच आज सांगतो.

पहिलं काम काटा बघायचं, काढायचं नाही. लेकराला मांडीवर घ्या, उजेडात बसा. उन्हाचा उजेड सगळ्यात चांगला. संध्याकाळ झाली तर मोबाइलची बॅटरी लावा. आपले हात आणि लेकराची ती जागा साबण-पाण्यानं धुवा. धुतल्यावर मातीखालचं नीट दिसतं. पाय मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका. लाकडाची कूस किंवा काटा पाण्यानं फुगतो, मऊ पडतो आणि ओढताना तुटतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबून बाहेर काढायची आपली सवयही सोडायला हवी. दाबल्यानं तो आत मोडतो किंवा आणखी खोल जातो.

टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरा आणि ज्या तिरकेपणानं काटा आत गेला, त्याच दिशेनं हळूच मागं ओढा. सरळ वर उपटला की मोडलाच समजा. टोक कातडीखाली असेल तर सुई लागते. साडीला लावलेली पिन काढून तशीच टोचायची नाही. सुई आणि चिमटा स्पिरिटनं पुसा, किंवा उकळत्या पाण्यात ठेवून गार होऊ द्या. काट्याच्या वरची तेवढीच पातळ कातडी सुईच्या टोकानं उकला, काट्याचं तोंड मोकळं करा आणि मग चिमटा लावा. कातडीच्या वरच्या थराला फारसं दुखत नाही, थोडं रक्त आलं तरी घाबरू नका. निवडुंगाची बारीक लव भरली असेल तर सुईचं काम नाही. चिकटपट्टी हलकेच लावून ओढली की बरीचशी लव निघून येते.

लेकराला ‘काही दुखणार नाही’ असं सांगू नका. एकदा दुखलं की पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. ‘थोडं टोचेल, दहा म्हणेपर्यंत हलू नको’ असं सांगा. एकीनं गोष्ट सांगायची, एकीनं काटा काढायचा. दोन-चार वेळा प्रयत्न करूनही निघाला नाही तर थांबा. बारीकशी वरवरची कूस असेल, दुखत नसेल, तर ती काही दिवसांत कातडीबरोबर आपोआपही निघून जाते. उकरून उकरून जखम मोठी करण्यापेक्षा ते बरं.

आता बिब्ब्याचं. काटा रुतला की बिब्ब्याचा किंवा तापवलेल्या गुळाचा चटका द्यायचा, रुईचा चीक लावायचा, हे आपल्याकडे अजून चालतं. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण लेकराच्या बाबतीत हे करूच नका. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून फोड येतात. रुईचा चीक हाताला लागून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. तंबाखू, माती, शेणही नको. हळद लावली तर जागा पिवळी होते आणि लाली पसरते आहे का, तेच कळत नाही. काटा निघाल्यावर पुन्हा साबण-पाण्यानं धुवा, कोरडं करा, बस्स.

काच, माशाचा गळ, नखाखाली खोल गेलेली कूस, गुडघ्याजवळ किंवा बोटाच्या सांध्यात मोडलेला काटा, यांना घरी हात लावायचा नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळायचंही नाही. सरळ दवाखाना. काटा निघाल्यावरही दोन-तीन दिवस जागा बघत राहा. सूज, ठणका, पू, ताप, वर चढत जाणारी लाल रेघ, यातलं काहीही दिसलं तर काढणी एक दिवस राहिली तरी चालेल, दवाखान्यात जा.

आणि धनुर्वात. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि काट्यासारख्या अरुंद, खोल जखमेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं वाढतात. लेकराला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिलेल्या लसीत धनुर्वाताची लस असते. पुढचा डोस 16 ते 24 महिन्यांत आणि त्यानंतरचा 5 ते 6 वर्षांच्या दरम्यान. हे शेवटचे दोन डोसच आपल्याकडून राहतात, कारण तोवर लेकरू पळायला लागलेलं असतं आणि कार्ड कुठल्या तरी पेटीत गेलेलं असतं. आज घरी गेल्यावर ते कार्ड शोधा. सापडलं नाही तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारा, त्यांच्याकडे नोंद असते. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

आमच्या गटानं बचतीतून एक चांगल्या टोकाचा चिमटा, स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन डबा केला आहे. तो अध्यक्षाताईंच्या घरी असतो, ज्याला लागेल त्यानं न्यायचा आणि पुसून परत आणून ठेवायचा.