आठपदरी हिशेब

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नेदरलंड्समधल्या झुंडर्ट गावात डेलियाची मिरवणूक निघते. व्हॅन गॉगचं हे जन्मगाव. १९३६ साली सुरू झालेल्या या मिरवणुकीत गावाच्या २० वाड्या प्रत्येकी एक चित्ररथ आणतात. दुमजली घराएवढे उंच हे रथ आत शिरलेली माणसंच ढकलतात. वरून इंच न् इंच डेलियाच्या फुलांनी मढवलेला असतो. गावाच्या मळ्यांतून त्यासाठी निघणारी फुलं सुमारे ८० लाख, म्हणजे रथामागे सरासरी ४ लाख. डेलिया तोडला की दोन-चार दिवसांत मान टाकतो, त्यामुळे फुलं लावायची ती शेवटच्या दोन-तीन दिवसांतच. एक फूल बसवायला दहा सेकंद धरा. एकट्या माणसाने न झोपता, न जेवता हे काम अंगावर घेतलं, तर त्याला अडीच वर्षं लागतील. म्हणून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं गाव मांडवात बसतं. २०२१ मध्ये युनेस्कोने डच फुलमिरवणुकांची ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पण ८० लाख हा आकडा डेलियाच्या पोटातल्या आकड्यांपुढे किरकोळ आहे.

मूळ झाड मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. रानातल्या साध्या डेलियाला बहुधा आठच पाकळ्या. (पाकळी म्हणायचं आपलं, खरं तर ती प्रत्येकी एक स्वतंत्र पुष्पक असते, आणि आपण ज्याला फूल म्हणतो ते अख्खं संमेलन असतं.) १७८९ मध्ये मेक्सिकोहून आलेला डेलिया माद्रिदच्या राजोद्यानात फुलला. दोन वर्षांनी तिथले अभ्यासक कावानियेस यांनी स्वीडनच्या आंद्रेस दाल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याचं नामकरण केलं. रानटी जाती आजही ४०च्या आसपास आहेत. बागेतल्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. ती १९६९ साली पहिल्यांदा छापली गेली आणि आता तिच्यातल्या नावांनी ५७ हजारांचा टप्पा ओलांडला आहे. गोंड्यासारखे पॉम्पॉन पाच सेंटिमीटरच्या आतले, तर सर्वांत मोठी फुलं पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढची.

इतके वाण आले कुठून? याचं उत्तर गुणसूत्रांत आहे. माणसाची गुणसूत्रं जोड्यांनी असतात, २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकच मुलाकडे जातं. म्हणजे दोनाला दोनाने २३ वेळा मांडून गुणायचं, उत्तर ८३,८८,६०८. एका माणसाकडून निघू शकणारे बीजांचे प्रकार जवळजवळ ८४ लक्ष! योनींचा हिशेब करणाऱ्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, असा दावा कुणी करण्याआधीच सांगतो, हा निव्वळ योगायोग आहे.

बागेतल्या डेलियाची गुणसूत्रं ६४, आणि ती जोड्यांनी नाहीत. आठ प्रकार, प्रत्येकाच्या आठ प्रती. इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेतल्या विल्यम लॉरेन्स यांनी १९३०च्या आसपास या झाडाचा पिच्छा पुरवला. (कुंड्या भरण्याच्या ‘जॉन इनिस’ मिश्रणामागेही हेच गृहस्थ.) त्यांच्या मते हा संकर दोन घराण्यांतला: एक हस्तिदंती-किरमिजी रंगांचं, दुसरं पिवळ्या-शेंदरी रंगांचं. दोन्ही घराण्यांनी प्रत्येकी चार पदर दिले. तेव्हा ६४ गुणसूत्रांच्या १६ चौकड्या मानू, आणि प्रत्येक चौकडीतून कोणतीही दोन पुढे जातात असं धरू. चारांतून दोन निवडायच्या रीती सहा. सहाला सहाने १६ वेळा मांडून गुणा.

उत्तर २८,२१,१०,९९,०७,४५६. म्हणजे २ लाख ८२ हजार कोटी. आणि हा एकाच पालकाचा आकडा. प्रत्येक प्रत वेगळी आहे असं यात गृहीत आहे, हे खरं. पण गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात, ते तर अजून धरलेलंच नाही.

हे प्रकार प्रत्येकी एक रोप म्हणून साठ-साठ सेंटिमीटरवर लावायचे ठरवलं, तर दहा लाख चौरस किलोमीटर जमीन हवी. तीन महाराष्ट्र व्यापूनही रोपं उरतील. दुसरा पालकही हिशेबात घ्या. आता गुणाकार येतो आठावर चोवीस शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेली संख्यानामं परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर संपतात, ही संख्या त्या परार्धाच्या आठ कोटी पट आहे. एवढी रोपं लावायला समुद्र बुजवूनही साडेपाचशे कोटी पृथ्व्या लागतील.

म्हणून डेलियाचं बी पेरलं की आईसारखं रोप मिळेल ही आशा सोडायची. नवे वाण काढणारे हौशी लोक दरवर्षी शेकड्यांनी रोपं वाढवतात आणि बहुतेक सगळी उपटून खताच्या खड्ड्यात टाकतात. हे जरा अघोरी वाटतं खरं, पण ठेवायचं म्हटलं तर ठेवणार कुठे?

एकदा मनासारखं रोप सापडलं की मात्र बियांची वाट सोडून कंदांची धरायची. तिथे सगळा कारभार नकलांचा. ‘बिशप ऑफ लँडाफ’ हा काळपट पानांचा, लालभडक फुलांचा वाण कार्डिफमध्ये १९२४ साली आला. आज जगभर जेवढे बिशप आहेत ते एकाच रोपाचे तुकडे. एका गड्ड्यातून वर्षाला पाच कंद सुटे केले आणि सगळे जगले, तर दहा वर्षांत ९७,६५,६२५ झाडं होतात. उलटंही घडतं. १८७२ मध्ये मेक्सिकोहून नेदरलंड्सला कंदांची पेटी गेली. वाटेत सगळे कुजले, एक वाचला. त्या एकातून टोकदार, मागे वळलेल्या पाकळ्यांचं तांबडं फूल आलं. ‘कॅक्टस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेलियांचं हे मूळ.

कंद सोडवताना लोक फसतात ते डोळ्यापाशी. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा फक्त मानेपाशी, जुन्या खोडाच्या बुंध्याला. जाडजूड, गुटगुटीत कंद मान तुटून हातात आला, तर तो जमिनीत महिनोन् महिने ताजा राहील पण फुटणार नाही. मानेचा खोडाकडचा चतकोर तुकडा कंदासोबत कापून घ्यावाच लागतो.

आपल्याकडे पावसाळा सरल्यावर छाट कलमं लावायची, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं घ्यायची. दिवस बारा तासांच्या आत आला की डेलिया जमिनीखाली कंद भरायला लागतो, आणि मुंबईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. म्हणून रोप सुरुवातीलाच जोमदार झालेलं बरं. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या एकत्र येतात. प्रदर्शनाचं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने काढायच्या, मधली ठेवायची. खोड पोकळ, फूल जड. काठी लावणीच्या वेळीच रोवावी, नंतर रोवली तर कंदातून आरपार जाते. युरोपात कंद थंडीने मरतो, आपल्याकडे पावसाने. पानं वाळली की काढून कोरड्या वाळूत, सावलीत ठेवायचा.

एवढ्या सगळ्या जुळण्यांत निळा डेलिया किती? शून्य. किरमिजी, शेंदरी, पिवळा, जवळजवळ काळासुद्धा आहे. निळ्यासाठी लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य मात्र डेलियाच्या घरात बनतच नाही, आणि जे कोणत्याच पदरात नाही ते साडेपाचशे कोटी पृथ्व्या लावूनही उगवणार नाही. ‘द ब्लू डेलिया’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट मात्र १९४६ साली आला. तोही कृष्णधवल.