पंढरीची वाट अक्षय्य तृतीयेपासून

साडेतीन मुहूर्तांत गणला जाणारा आजचा दिवस दानाचा आहे. आज घरोघरी पितरांना स्मरून उदककुंभ दिला जाईल. धर्मशास्त्राला मान्य असलेल्या आजच्या दानांत उदककुंभाबरोबर छत्री, पादत्राणे आणि पंखा यांचाही समावेश होतो. या वस्तूंकडे क्षणभर एकत्र पाहावे. पाणी, सावली, पायांचे रक्षण आणि घाम पुसणारा वारा, या चारही गोष्टींची गरज घरात बसलेल्याला फारशी नसते. ती असते वैशाखाच्या उन्हात वाट चालणाऱ्याला. आपल्या पूर्वजांनी हा दिवस पितरांचा मानला, तसाच तो वाटसरूचाही मानला, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रातील भाविकाला वाट म्हटली की एकच वाट आठवते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून श्रीतुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून श्रीज्ञानोबारायांची पालखी प्रस्थान ठेवते. पंचांग उघडून मोजावे. वैशाख शुद्ध तृतीयेपासून ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत पन्नास तिथी होतात, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. मध्ये अधिक मास आला तर आणखी एक महिना पदरात पडतो. यंदा पायी वारी करण्याचा संकल्प ज्यांनी सोडला आहे, त्यांच्यासाठी हा काळ फार मोलाचा आहे. कारण वारीतील पायदुखी वारीत बरी करता येत नाही. ती वारीच्या आधी टाळावी लागते.

क्लेश म्हणजे पुण्य नव्हे

प्रथम एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. पाय सुजले, फोड आले, मांड्या भरून आल्या म्हणजे वारी फळाला आली, असे कित्येक भाविक मानतात. घरातील वडीलधारी मंडळी दुखणे सांगत नाहीत. सांगितले तर पुण्यात उणे पडेल अशी त्यांना धास्ती वाटते. परंतु भागवत धर्माने देहदंडाला साधन म्हणून कधीच मोठे स्थान दिले नाही. त्या धर्माचे साधन नाम आहे. आता पाहा, पोटरीत कळ उठली की चित्त कोठे जाते? ते विठ्ठलाच्या चरणांवरून उडते आणि आपल्याच चरणांवर येऊन बसते. मुखातील नाम तुटते, टाळ हातात नुसता लोंबकळतो. म्हणून पायांची काळजी घेणे हा देहाचा लाड नव्हे. नामाच्या आड येणारा अडथळा आधीच दूर करणे आहे.

दीर्घ चालीनंतर स्नायू दुखतात त्याला आपण ‘अंग आंबले’ असे म्हणतो. गंमत अशी की, शरीरशास्त्रज्ञही दीर्घकाळ या दुखण्याचा दोष दुग्धाम्लावर ठेवत होते. आता मात्र निश्चित झाले आहे की, श्रमाच्या वेळी रक्तात वाढलेले ते द्रव्य विश्रांतीनंतर तासाभराच्या सुमारास पूर्वपदावर येते. अंग मात्र दुसऱ्या दिवशी दुखू लागते आणि एक ते तीन दिवसांत ते दुखणे सर्वाधिक होते. त्याचे कारण, सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या अतिसूक्ष्म चिरा आणि त्या सांधण्यासाठी शरीराने मांडलेली खटपट, हे होय. हे तंतू सांधले जाताना पुढच्या श्रमासाठी सज्ज होतात. त्याच जातीचे काम काही दिवसांनी पुन्हा केले तर दुखणे पुष्कळच कमी होते. थोडक्यात, स्नायू शिकतात. मात्र त्यांना शिकण्यास अवधी द्यावा लागतो.

पालखी सोहळ्याची जुनी रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ज्ञानोबारायांच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. मग दिवे घाट चढून तीस किलोमीटरच्या घरातली सासवडची मोठी मजल होते आणि सासवडलाही दोन मुक्काम असतात. मोठ्या श्रमानंतर एक दिवसाची उसंत, असा हा क्रम आहे. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस असे करीत सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पुरे होते. तरीही पन्नास आठवडे गादीवर बसलेल्या गृहस्थाला ही उसंत पुरत नाही. त्याने आपली पहिली मजल आजच चालली पाहिजे.

सात आठवड्यांचा नेम

पहिले दोन आठवडे पहाटे अर्धा ते पाऊण तास चालावे. वैशाखाचे ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नित्याची चाल तासावर न्यावी आणि आठवड्यातून एकदा सात-आठ किलोमीटर चालावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ही साप्ताहिक मोठी चाल बारा ते पंधरा किलोमीटर करावी. सहाव्या आठवड्यात अशी चाल लागोपाठ दोन दिवस करून पाहावी, कारण वारीत आजच्या थकल्या पायांनीच उद्या चालायचे असते. सातव्या आठवड्यात चाल निम्म्यावर आणून पायांना ताजे होऊ द्यावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. एखाद्या सकाळी पाय भरून आलेले वाटले तर त्या दिवशी अंतर वाढवू नये. हलकी चाल चालावी, तिने पाय मोकळे होतात. वारीत खांद्यावर पिशवी किंवा डोईवर तुळशीवृंदावन असणार असेल, तर शेवटच्या तीन आठवड्यांत तितकाच भार घेऊन चालावे. नव्या भाराने मान आणि पाठही आंबते, हे माताभगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे.

वेग किती असावा? याचे उत्तर सुश्रुताचार्य आणि वाग्भटाचार्य यांनी देऊन ठेवले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असा त्यांचा दंडक आहे. श्वास मुखावाटे वाहू लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली, असे सुश्रुताचार्य समजतात. वाग्भटाचार्य पुढे सांगतात की, अर्ध्या शक्तीचा हा व्यायाम बलवानांनी आणि तोही हेमंत, शिशिर, वसंत या ऋतूंत करावा. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वारी तर ज्येष्ठ-आषाढात येते! तेव्हा संयम दुप्पट हवा. वारकऱ्याजवळ मात्र याचे उत्तम माप आहे. चालता चालता अभंगाचा चरण न धापता म्हणता आला तर वेग योग्य; मध्येच श्वास तुटला तर वेग अधिक. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर पाऊल पडते, म्हणून वेग आपोआप आवरला जातो. दिंडी सोडून झपाझप पुढे जाणारे तरुण तिसऱ्या दिवशी झाडाखाली पोटऱ्या चोळीत बसलेले दिसतात, त्याचे कारण हेच.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. चढाने दम लागतो, परंतु अंग अधिक आंबते ते उताराने. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि तंतूंना इजा होते ती मुख्यतः अशा वेळी. दिवे घाटाची धास्ती सर्वांना असते. वेळापूरच्या अलीकडे उतारावरून होणाऱ्या धाव्याची कोणी घेत नाही. भावभराने धावावेसे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तेथे लहान पावले टाकीत उतरावे. तयारीच्या काळात एखादा लहानसा उतार मुद्दाम चालून ठेवला तर मांड्यांना तो धडा आधीच मिळतो.

पाऊल, पाणी आणि पथ्य

पादत्राणे नवी कोरी घेऊन निघू नये. आज दानासाठी जोडी घेताना आपल्यासाठीही एक घ्यावी आणि सात आठवडे तीच वापरावी. बोटांपुढे थोडी जागा मोकळी असावी, कारण चालून चालून पाऊल सुजते. फोड येतात ते ओल आणि घर्षण यांच्या संगतीने. पावसात मोजे भिजले की बदलावे, पाऊल पुसून कोरडे करावे, बोटांची बेचकी विशेष. जेथे चुरचुरू लागेल तेथे फोड येण्याची वाट न पाहता चिकटपट्टी लावावी. काही भाविकांचा अनवाणी चालण्याचा नवस असतो. त्यांच्या श्रद्धेला वंदन करून एवढेच निवेदन करतो की, चरकाचार्यांनी पादत्राण हे पायांच्या व्याधी दूर करणारे आणि बल देणारे म्हणून गौरविले आहे. आणि त्यांच्या काळी तापलेली डांबरी सडक नव्हती. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी चालूच नये. त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते आणि जखम झालेली त्यांना कळत नाही.

घामाबरोबर पाणी जाते तसेच मीठही जाते. केवळ पाणीच पाणी पीत राहणेही हितकर नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता आज होते आणि घरात कैरीचे पन्हे असतेच. गूळ, मीठ आणि आम्लरस यांचे हे पेय वाटसरूसाठी उत्तम आहे. वारीत त्याची जागा लिंबाचे सरबत घेते. चरकसंहितेत श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण आहे. द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजिराच्या जातीचे फळ, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ, अशी ती यादी. त्यांतील मनुका आणि खजूर पिशवीत सहज राहतात. रक्तदाब, मूत्रपिंड अथवा मधुमेहाचा विकार असेल त्यांनी मीठ, साखर आणि औषधांचे प्रमाण आधीच आपल्या वैद्यांना विचारून घ्यावे. वाटेत एकादशी आली तर उपवास अन्नाचा करावा, पाण्याचा करू नये.

मुक्कामावर पोहोचताच एकदम आडवे होऊ नये. पाच मिनिटे संथ फिरावे, पाय धुवावे, मग उशाएवढ्या उंचीवर ठेवून पडावे. पायांना तेल लावण्याने खरखरीतपणा, ताठरता, थकवा आणि बधिरता जाते असे चरकाचार्य सांगतात. मर्दनाने स्नायूंचे दुखणे काहीसे हलके होते, हे आधुनिक अभ्यासांतही दिसले आहे. मुक्कामोमुक्कामी वारकऱ्यांचे पाय चेपणारे आणि चपला मोफत शिवून देणारे सेवेकरी भेटतात. त्यांची सेवा संकोच न करता घ्यावी. घेणाऱ्याने नाकारली तर देणाऱ्याचे पुण्य अडते. चालीआधी अंग ताणण्याने दुखणे टळते हा समज मात्र फारसा खरा ठरलेला नाही. वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची सवयही वाईट. शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

शेवटी, कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्यापुढे थांबावे हा विवेक हवा. दोन्ही पायांचे मंद, सारखे दुखणे दोन-तीन दिवसांत उतरते. परंतु एकच पोटरी सुजून लाल व गरम होणे, हाडावर एका बिंदूत तीव्र कळ येणे, लघवी चहासारखी गडद होणे, छातीवर दडपण, अंधारी किंवा बोलण्यात असंबद्धता, यांतील एकही लक्षण दिसले तर तेथेच थांबून जवळच्या वैद्यकीय पथकाकडे जावे. अशा वेळी पुढे चालणे ही निष्ठा नव्हे. पंढरीचा राणा अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे आपण म्हणतो. भक्त चार दिवस उशिरा आला म्हणून तो वीट सोडून जाणार नाही.

ज्यांच्या नशिबी यंदा वारी नाही, त्यांनीही आजपासून देवदर्शनाला चालत जावे. आणि ज्यांना जावयाचे आहे त्यांनी आज उदककुंभ, छत्री आणि पादत्राणे दान करून झाल्यावर, ऊन उतरले की घराबाहेर पडून अर्धा तास चालावे. आज केलेले अक्षय्य होते, अशी आपली श्रद्धा आहे. ते अर्ध्या तासाचे चालणेही वाया जाणार नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत टाळ वाजू लागतील तेव्हा त्या पावलांना वाट ठाऊक असेल, आणि मन नामाला मोकळे राहील.