चांदी संपली नव्हती, मग गाव का उठलं?

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात कॅलिको नावाचं गाव १८८१ मध्ये चांदीमुळे वसलं. १८९० च्या आसपास तिथे हजाराच्या वर लोक होते, पण १८९८ मध्ये पोस्टसुद्धा बंद झालं. तुम्ही पटकन म्हणाल, चांदी संपली असणार. नाही! त्या डोंगरांत ती आजही आहे.

शाळेतली 'धातुक'ची व्याख्या आठवा: ज्या खनिजातून धातू फायदेशीरपणे मिळवता येतो, ते धातुक. 'फायदेशीरपणे' हा शब्द आपण घोकतो आणि विसरतो. खरं तर सगळी गोम तिथेच आहे. १८८१ मध्ये औंसभर चांदीला एक डॉलरहून जास्त भाव होता, १८९४ मध्ये साधारण ६४ सेंट. दगड तोच, त्यातली चांदीही तेवढीच, पण आता ते धातुक राहिलं नाही.

भाव पडण्याचं कारण खडकाच्या नमुन्यात सापडत नाही, ते चलनाच्या इतिहासात शोधावं लागतं. चांदीचं उत्पादन वाढत होतं आणि एकेक देश सोन्याच्या चलनाकडे वळत होता. त्यात २६ जून १८९३ ला ब्रिटिश सरकारने भारतात चांदी देऊन रुपये पाडून घ्यायची लोकांची सोय बंद केली. म्हणजे आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा! नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनेही सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला.