मोटारीतला रेडिओ आणि खिशातले गाणे

मोटारीतला रेडिओ खरखरू लागला की मालक म्हणतो ‘टेप गेला’, आणि दुकानदार म्हणतो ‘नवा बसवा’. टॅक्सी-टेंपो चालवणाऱ्या आमच्या सभासदांची कमाई अशा दोन वाक्यांत जाते. म्हणून आम्ही या विषयात डोके घातले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून अधिक. तेव्हा श्रोत्यांनी विद्वत्तेची अपेक्षा न धरता कामापुरते ऐकावे.

प्रथम लहरींचा स्वभाव पाहू. मध्यम लहरीवर १००० किलोहर्ट्झचे स्टेशन घेतले तर तिची लांबी ३०० मीटर भरते. अशी लांब लहर डोंगराला वळसा घालून दूरवर जाते. परंतु लोखंडी पुलाखाली किंवा बोगद्यात तिला शिरता येत नाही. एफ. एम. ची लहर १०० मेगाहर्ट्झला अवघी ३ मीटर. ती उजेडासारखी जवळजवळ सरळ चालते, आणि मध्ये डोंगर आला की अडते. बोरघाटात मुंबईचे स्टेशन तुटते, ते याचमुळे. त्यात संचाचा दोष काही नाही. मुंबईत आणि पुण्यात एकाच खासगी कंपनीची दोन स्टेशने ९८.३ मेगाहर्ट्झवर आहेत. वाटेत कधी एक ऐकू येते, कधी दुसरे, पण दोन्ही मिसळून सहसा येत नाहीत. एफ. एम. चा संच जोरकस लहर धरतो आणि दुबळीला दाबून टाकतो. (मालकवर्गाचा हा गुण यंत्रातही असावा, याची आम्हांला गंमत वाटते.)

आता एरियल. ३ मीटरच्या लहरीला तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे ७५ सेंटिमीटरची काठी उत्तम. हल्लीच्या गाड्यांवर बोटभर शेपटी असते. तिची उणीव भरून काढण्यासाठी बुडाशी एक छोटा वर्धक बसवलेला असतो, आणि त्याला वीज लागते. नवा डेक बसवताना या विजेची तार जोडायची राहिली, तर चांगला संचही बहिऱ्यासारखा वागतो. दुकानदार मग एरियल बदलायला सांगतो. एरियलच्या बुडाशी गंज चढून बॉडीशी जोड सुटला तरी हाच प्रकार होतो. कानशीने गंज घासून स्क्रू आवळला की पुष्कळदा काम भागते.

खरखरीचा दुसरा चोर गाडीच्या आतच असतो. मोबाइलचा चार्जर १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करताना सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि स्वस्त चार्जरमधून त्याचा गोंगाट बाहेर पडतो. चार्जर उपटून पाहावा. खरखर थांबली तर चोर सापडला. गाणे मोबाइलमधून तारेने लावले असता, इंजिनाचा वेग वाढेल तशी शिटी चढत जात असेल, तर तो गोंगाट अल्टरनेटरचा. मोबाइल एकाच वेळी चार्जरला आणि डेकला जोडला म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा होतात आणि त्यांतून तो आत शिरतो. एक तार काढली की शिटी जाते.

खिशातल्या गाण्याची तऱ्हा वेगळीच. फिलिप्सने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि पुढे इतर कारखानदारांना तिचा परवाना विनामूल्य दिला. म्हणून कोणाचीही कॅसेट कोणाच्याही टेपात चाले. त्यानंतर जो तो आपापली पिन काढू लागला. अॅपलने २०१२ साली आपली रुंद पिन बदलली, २०१६ साली आयफोनवरचे ३.५ मिलिमीटरचे गोल भोक बंद केले, आणि २०२३ साली पुन्हा पिन बदलली. प्रत्येक वेळी गाडीतली जुनी तार निकामी! युरोपीय संघाने मोबाइलसाठी चार्जिंगची एकच पिन कायद्याने ठरवली, ती २०२४ च्या डिसेंबरअखेर लागू झाली. एकजुटीने दर ठरवून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे.

परंतु पिन बसली म्हणजे गाणे वाजेलच, असे नाही. काही गाड्यांतले यूएसबीचे भोक केवळ चार्जिंगचे असते. पुष्कळ जुने डेक ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडलेला पेनड्राइव्हच वाचतात, आणि त्यांना एमपी३ खेरीज दुसरी गाणी समजत नाहीत. ब्लूटूथवर फोनचे बोलणे आणि गाणे यांच्या वाटा निराळ्या. त्यामुळे बोलणे ऐकू येते आणि गाणे येत नाही, असा डेक बिघडलेला असेलच असे नव्हे. सिगारेटच्या सॉकेटात बसणारे छोटे एफ. एम. प्रक्षेपक स्वस्त खरे. परंतु पुण्यात रिकामी असलेली जागा पुढच्या शहरात रिकामी नसते, आणि चालक स्टिअरिंग सोडून आकडे फिरवीत बसतो. मोबाइल हातात धरून असले उद्योग केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने ते धोकादायक वाहनचालनात मोडते. दंड चालकाच्या नावावर पडतो, डेक विकणाऱ्याच्या नव्हे. तेव्हा डेक घ्यायला जाताना आपला मोबाइल, आपली तार आणि आपला पेनड्राइव्ह बरोबर न्यावा, इंजिन चालू करून दुकानापुढेच सारे वाजवून पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.